कोरा माणूस

११ जुलै २०२५, शुक्रवार

अख्ख्या गावात एक माणूस सापडेना! म्हणजे माणसं ढीगभर आहेत, पण हवा तसला एकही नाही.

काल आषाढ पौर्णिमा झाली आणि विहारात वर्षावासाचं वाचन सुरू झालं. आता आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी जाऊन बसायचं. दरवर्षी हैबतराव वाचतात, आम्ही ऐकतो, शेवटी खीर खातो आणि होतो तसेच घरी परत येतो. यंदा मात्र हैबतरावांच्या डोक्यात काहीतरी नवीन शिरलंय. पोस्टातून रिटायर झाल्यापासून त्यांना स्वस्थ म्हणून बसवत नाही. वाचन संपल्यावर चष्मा काढून म्हणाले, "मैत्री मैत्री आपुन तोंडानं लई म्हनतो. यंदा करून बगायची. तत्त्वज्ञान म्हंजी आंगाला लावायचं औषध हाय. बाटली फळीवर ठिवून गुन येत न्हाई."

मग गृहपाठ दिला. प्रत्येकानं एक माणूस निवडायचा. आवडता नको, नावडताही नको. ज्याच्याबद्दल ना राग, ना लोभ, असा कोरा माणूस. रोज त्याचं भलं चिंतायचं. पण नुसतं चिंतून भागणार नाही — त्याच्याकडे नीट बघायचं, जमेल तसं त्याच्या उपयोगी पडायचं, आणि कुणाजवळ बोलायचं नाही. वर्षावास संपताना भिक्खू एकमेकांना विचारतात ना, माझं काही चुकलेलं पाहिलं असेल, ऐकलं असेल, नुसती शंका आली असेल तरी सांगा — तसं आपणही आश्विन पौर्णिमेला त्या माणसाला विहारात बोलवायचं आणि सगळ्यांदेखत विचारायचं.

इंदूबाई लगेच म्हणाल्या, "हैबतराव, आमच्या नेरे गावात असा मानूसच न्हाई. येक तर सोयरा हाय, न्हाईतर बांधावरनं भांडान हाय."

सगळे हसले. पण घरी येऊन मी आळीतलं एकेक घर डोळ्यांसमोर आणलं, तर इंदूबाईंचंच खरं!

१३ जुलै, रविवार

निवडला. लवळ्याला मी ज्या कॅम्पसवर मुलींच्या हॉस्टेलची रेक्टर आहे, तिथल्या हिशेबखात्यातले मनीष सर. लातूरकडचे, गेल्या वर्षीच आलेत. "गुड मॉर्निंग मॅडम"च्या पुढे आमचा काही संबंध नाही. एकदम कोरे.

१६ जुलै

मनीष सर बाद. हॉस्टेलच्या गळक्या छताचं बिल त्यांनी परत पाठवलं. सकाळी मनातल्या मनात त्यांचं भलं चिंतलं होतं. दुपारी मनातल्या मनात मी जे म्हणाले, ते इथंसुद्धा लिहिण्यासारखं नाही.

२० जुलै, रविवार

दुसरा माणूस — कोपऱ्यावरच्या नव्या टॉवरचा सिक्युरिटीवाला. बिहारकडचा आहे. जाता-येता नीट बघत राहिले. बूट फाटलेत. फोनवर बोलताना भिंतीकडे तोंड करतो. आज विचारलं, तर म्हणाला, "बेटी हुई है मैडम, फोटो में ही देखी है."

झालं! आता हा कोरा कुठला राहिला? दुपारी माझी जुनी छत्री त्याला देऊन आले.

एक गोष्ट मात्र कळली. कोरा माणूस असा नसतोच. आपण बघत नाही तोवरच तो कोरा असतो. हे कळल्यावर मी बराच वेळ ओट्यापाशी नुसतीच उभी होते, दूध उतू गेलं.

२४ जुलै, गुरुवार

डायरेक्टर मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. नागपूरला नवा कॅम्पस होतोय. मुलींची सगळी हॉस्टेलं मी उभी करावीत, मुख्य रेक्टर म्हणून. तीन वर्षं, राहायला क्वार्टर. "घरी विचारा, आठ ऑक्टोबरपर्यंत सांगितलंत तरी चालेल."

चेहरा गंभीर ठेवला. आतून उड्या! अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कुणीतरी मला म्हणतंय की, नव्यानं काहीतरी सुरू कर. लवळ्याचा उतार धुक्यात उतरताना समोरचं धड दिसत नव्हतं आणि मी मोठमोठ्यानं गात होते.

२७ जुलै, रविवार

लिहू की नको? लिहिते. पान बिचारं ऐकून घेतं.

सकाळपासून मनात नागपूरची बांधाबांध चालली होती. मोठा कुकर न्यायचा, छोटा इथं ठेवायचा. गच्चीवरचा कढीपत्ता इंदूबाईंना द्यायचा. स्कूटी रेल्वेनं पाठवायची. रोज दुधाला येणारं मांजर शेजारच्या जुईलीच्या गळ्यात घालायचं. तिकडचा उन्हाळा सोसेल का मला? सगळा सगळा विचार करून झाला. संध्याकाळी ताटं वाढली, समोर हे जेवायला बसले — आणि एकदम लक्षात आलं, ह्यांचा विचार मी केलाच नव्हता.

टाळला होता असंही नाही. सुचलाच नव्हता. मांजराची सोय लावली आणि नवरा राहून गेला!

हातात भाकरी तशीच. हे म्हणाले, "वाडतीयास नव्हं?" वाढली.

मग मनात राग शोधला. नाही सापडला. सव्वीस वर्षांत ह्यांनी कधी हात उगारला नाही, कधी पिऊन आले नाहीत. मग लोभ शोधला. तोही नाही. कधी गेला असेल? भांडून गेला असता तर लक्षात तरी राहिलं असतं. आमची लेक अपेक्षा घरात होती तोवर तिच्याबद्दल बोलणं व्हायचं — तिचा क्लास, तिचा ताप, तिचे निकाल. पोरगी बंगळुरूला नोकरीला गेली आणि जाताना सगळे विषय घेऊन गेली. आता "गॅस आला का" आणि "पाणी भरलं का" एवढंच उरलंय.

कोरा माणूस शोधत मी गाव पालथं घातलं आणि तो माझ्या समोर बसून आमटी ओरपत होता. काखेत कळसा म्हणतात तो हाच. भीती वाटलीच, आणि खोटं कशाला बोलू, नवलही वाटलं. एवढा मोठा माणूस घरात असून दिसत नव्हता, हे कसं काय घडतं?

२८ जुलै

त्यालाच निवडलं. आता ह्या वहीत 'हे' लिहायचं नाही. 'हे' लिहिलं की नवरा दिसतो, माणूस दिसत नाही. नावानं लिहायचं. प्रमोद. वय चोपन्न. कंपनीची बस चालवतो, पौडपासून हिंजवडीपर्यंत, सकाळी नेतो आणि संध्याकाळी आणतो. एवढीच माहिती आहे माझ्याकडे.

१ ऑगस्ट, शुक्रवार

वाचनानंतर चपला शोधण्याचं निमित्त करून मागे राहिले. हैबतरावांना विचारलं, "माणूस जवळचा असेल आणि तरी काहीच वाटत नसेल, तर असा निवडलेला चालतो का?"

"किती जवळचा?"

"एका छपराखालचा."

हैबतराव अगदी हळू बोलले. "मंग लई आवगड माप घेतलंस पोरी. लांबच्याचं भलं चिंतायला काय लागतंय? त्यो काय रोज मोरीत वला टावेल टाकून जात न्हाई."

"पण वाटतच नसेल तर?"

"वाटन्याची वाट नगं बगू. भूक आपसूक लागती, सैपाक करावा लागतो. आवड लागती, मैत्री करावी लागती."

घरी आले तर मोरीत ओला टॉवेल. हसूच आलं.

१० ऑगस्ट, रविवार

नीट बघायचं ठरवलंय, म्हणून आज सुट्टी असूनही लवकर उठले. प्रमोद अंगणात माझ्या स्कूटीपाशी उकिडवा बसला होता. हातात पायपंप.

"काय करताय?"

"हवा."

"कमी झाली होती?"

"दर आयतवारी भरतोच की."

"कधीपासून?"

त्यानं जरा आठवून बघितलं. "गाडी घेतल्यापास्नं."

गाडी घेऊन नऊ वर्षं झाली! मला वाटायचं, माझ्या गाडीची हवा जातच नाही. हॉस्टेलच्या पोरींना मी हे अभिमानानं सांगितलंय — गाडी घ्यायची तर माझ्यासारखी बघून घ्या, कधी हवा भरावी लागत नाही. रविवारी मी उशिरापर्यंत अंथरुणात लोळायचे आणि इकडे हा माणूस अंगणात बसून पंप मारायचा. बोलला नाही कधी. सांगण्यासारखं काही केलंय असं त्याला वाटतच नसावं.

त्याला तिथंच चहा नेऊन दिला. इतकी वर्षं माझ्याच घरात काय काय चाललं होतं, ह्याचा मला पत्ताच नाही.

१२ ऑगस्ट

दाढी करताना गुणगुणतो. चाल कुठली ते कळत नाही. त्यालाही माहीत नसावी.

१७ ऑगस्ट, रविवार

उपयोगी पडायचं म्हणून आज त्याच्या आवडीचं भरलं वांगं केलं. नेहमीपेक्षा जास्त मन लावून. खोबरं भाजून, तीळ घालून. मान खाली घालून खाल्लं. म्हटलं, "कसं झालंय?" माझ्या तोंडून हा प्रश्न ऐकून तो दचकलाच. "कोन यनार हाय का?" म्हणाला.

"कुणी नाही. तुम्हाला आवडतं म्हणून केलं."

"मला न्हाई आवडत वांगं. आईला आवडायचं."

सासूबाईंना जाऊन अकरा वर्षं झाली. दर रविवारी वांगं!

"मग बोलायचं नाही का?"

"तू कदी पुसलं न्हाईस," म्हणाला आणि उरलेलं वांगं संपवलं.

२० ऑगस्ट, बुधवार

आज जे बघितलं ते विसरायच्या आत लिहून काढते.

तीन दिवस पाऊस थांबलेला नाही. संध्याकाळी लवळ्याहून निघाले आणि नांद्याच्या अलीकडे स्कूटी पाण्यात बंद पडली. ढकलत गॅरेजात लावली. रिक्षा एक मिळेना. तेवढ्यात समोरून प्रमोदची बस आली, पौडकडे जाणारी. घर एकीकडे, बस दुसरीकडे! पण पावसात कुडकुडत उभं राहण्यापेक्षा बरं, म्हणून हात केला.

बस थांबली, दार उघडलं. मला बघून त्याच्या भुवया जराशा वर गेल्या. "बसा," म्हणाला. बसा! मी मुकाट मागच्या सीटवर जाऊन बसले. मी कोण ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

आणि मग अख्खी वाट मी एका परक्या माणसाकडे बघत राहिले. पुढच्या सीटवर निषाद नावाचा नांदेडकडचा मुलगा होता. तो काहीतरी बोलला आणि प्रमोद हसला. मान मागे टाकून, मोठ्यानं, सगळ्या बसभर ऐकू जाईल असा. त्याचा खोकला मी चार घरं सोडून ओळखीन. हे हसणं मला ओळखू आलं नाही. "प्रमोददादा, परवाची मेस भारी निघाली," तो मुलगा सांगत होता. ह्यानं त्याला मेस शोधून दिली होती!

पिरंगुटच्या अलीकडे एक मुलगी खिडकीला डोकं टेकून गाढ झोपली होती. प्रमोदनं लांबूनच वेग कमी करत आणला, इतका हळू की बस थांबली ते मला कळलंच नाही. मग खालच्या आवाजात, "किमयाताई, पिरंगुट आलं." थांबला. ती उठली, बॅग घेतली, उतरली. तरी बस हलेना. मी वाकून बघितलं — मुलगी रस्ता ओलांडून बिल्डिंगच्या जिन्यापर्यंत पोहोचेपर्यंत तो थांबला होता. बसमधलं कुणी कुरकुरलं नाही. म्हणजे हे रोजचंच असणार.

आपल्या माणसाला असं लांबून बघायला मिळणं, हे कितीजणींच्या नशिबात असेल? मी अक्षरशः हात जोडून बसले होते. शेजारच्या बाईला वाटलं, पावसाला घाबरलेय.

पौडला बस लावून आम्ही त्याच्या मोटारसायकलवर घरी आलो. कितीतरी वर्षांनी त्याच्या मागे बसले. वाटेत ओरडून विचारलं, "माझी ओळख का नाही करून दिलीत?"

"तुला आवडलं नसतं."

खरंच का नसतं आवडलं? हे मी त्याला कधी आणि कसं सांगितलं असेन?

२२ ऑगस्ट

जळफळाट होतोय. खरं सांगायचं तर त्या निषादचा, त्या किमयाचा. त्यांना ते हसणं रोज फुकटात मिळतं. मैत्री भावनेत जळफळाट कुठल्या पायरीवर येतो, ते हैबतरावांना विचारलं पाहिजे.

१४ सप्टेंबर, रविवार

आज त्याला नागपूरचं सांगितलं. इतके दिवस सांगितलं नव्हतं, कारण आधी सांगण्याची गरज वाटली नव्हती आणि नंतर धीर होईना. अंगणात कपडे वाळत घालताना म्हटलं, "मला नागपूरला बोलावलंय. तीन वर्षांसाठी. मोठी पोस्ट आहे."

त्यानं बादलीतला शर्ट झटकला. "चांगलं हाय की."

"आठ ऑक्टोबरला कळवायचंय."

"तुजं ठरलं आसंल तर जा. हितलं मी बगतो."

एवढंच. शर्टाला चिमटा लावला, दुसरा शर्ट घेतला.

जुलैत हे उत्तर ऐकून मला हायसं वाटलं असतं. आज मात्र गच्चीवर जाऊन रडले. काय हवं होतं मला? त्यानं "जाऊ नको" म्हणायला हवं होतं. म्हणाला असता तर मी चिडले असते, माझ्या नोकरीच्या आड येता म्हणून! आणि मी चला म्हटल्यावर त्यानं यावं, हे तर स्वप्नातही नाही. अपेक्षाकडे बंगळुरूला गेलो तर दोन दिवसांत त्याचा जीव गुदमरला. परतताना नेऱ्याची कमान दिसली तेव्हा कुठं तोंड उघडलं. ही वस्ती, ती बस, ती माणसं, हेच त्याचं जग.

१५ सप्टेंबर

काही वाटत नव्हतं तेव्हा जाणं किती सोपं होतं!

२४ सप्टेंबर, बुधवार

अपेक्षाचा फोन. "आई, जा ना गं, बाबांना काय, ते राहतील." पोरीचं चुकत नाही. तीही बघूनच शिकली आमच्या घरात.

वाचनानंतर हैबतरावांना गाठलं. सगळं आडवळणानं सांगितलं, पण त्यांना सरळ कळलं असावं. म्हटलं, "मैत्री करायला गेले आणि मागोमाग लोभ आला. आता मला त्या माणसाकडून हवंय काहीतरी. म्हणजे माझा गृहपाठ फसलाच की."

"काय हवंय?"

"ते सांगता येत नाही. त्याचं भलं इथं आहे. माझं तिथं आहे. त्याच्या भल्याचं चिंतायचं तर मी गप्प राहायला पाहिजे."

हैबतरावांनी मान हलवली. "मैत्रीची पैली पायरी कुनाची, ठावं हाय न्हवं? सवताची. आपल्याला वगळून केली तर ती मैत्री न्हवं, उपकार. उपकारानं मानूस दबतो पोरी, फुलत न्हाई."

येताना पाऊस थांबला होता. टॉवरच्या खिडक्यांत दिवे लागले होते, इतक्या खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीमागे कुणीतरी कुणाला तरी जेवायला वाढत असणार. वाढणाऱ्यांपैकी कितीजणांना समोरचा माणूस दिसत असेल? कुत्रं फिरवणारी ती टॉवरमधली मृण्मयी मला हाक मारून पुढे गेली तेव्हा भानावर आले.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

म्हटलं, "पौर्णिमेला विहारात या."

"खिरीला?"

"हो, खिरीला."

"बरं."

सगळ्यांदेखत काय म्हणणार मी? सव्वीस वर्षांच्या नवऱ्याबद्दल मला ना राग ना लोभ होता, असं? गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही त्याला. आणि खोटं नाव घ्यावं म्हटलं, तर सिक्युरिटीवाल्याला बोलावता येईल. छत्रीही देऊन झालीये. सोपं आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार. पौर्णिमा

विहार भरला होता. खिरीचं पातेलं दारातच, आत वेलदोड्याचा वास. प्रमोद मागच्या भिंतीला टेकून बसलेला. बसवरून थेट आला होता, हेल्मेट मांडीवर.

पहिल्या उठल्या इंदूबाई. त्यांनी निवडली होती मृण्मयी! तीन महिने दर आठवड्याला तिच्या दारात भाजी नेऊन ठेवत होत्या. मृण्मयी आली होती, कुत्र्याला बाहेर बांधून. इंदूबाईंनी हात जोडून विचारलं, "माजं काई चुकलं आसंल तर सांग बाई." मृण्मयी लाजत लाजत म्हणाली, "आजी, तुम्ही बेलवरचं बोट काढतच नाही." विहार खदखदला. मग तिलाच रडू आलं. इथं येऊन दोन वर्षं झाली, म्हणाली, पण कुणी बेल वाजवली नव्हती.

नंतर मी उठले. सिक्युरिटीवाल्यालाही खिरीला बोलावून ठेवलं होतं, त्याचं नाव तोंडात तयार होतं. पण समोर इंदूबाई डोळे पुसत होत्या, आणि मला ते नाव घेववेना. म्हटलं, "मी माझ्या मिस्टरांना निवडलं होतं."

कुणीतरी हसलं आणि मधेच थांबलं. मी बोलत राहिले. "जुलैत मला कळलं की माझ्या मनात ह्यांच्याबद्दल ना राग आहे, ना लोभ. म्हणजे कोरा माणूस. म्हणून निवडलं. त्यानंतर मी ह्यांच्याकडे बघायला लागले. मला वाटायचं, ह्या माणसात बघण्यासारखं काही उरलेलं नाही. मी अजून बघतेच आहे. संपत नाही." मग हात जोडले. "माझं काही चुकलेलं पाहिलं असेल, ऐकलं असेल, शंका आली असेल, तर सांगा."

प्रमोद उठला. हेल्मेट ह्या हातातून त्या हातात. मला वाटलं, निघून जातोय.

"कोरा म्हनली ती मला," तो म्हणाला. "बराबर हाय. मला बी ती तशीच वाटायला लागलीवती."



"चूक इचारली म्हनून सांगतो. हिला काई लागतच न्हाई. सव्वीस वर्सांत माज्याकडं काई मागितलं न्हाई हिनं. तापानं फनफनली तरी पान्याचा तांब्या सवता उठून घेती. आता नागपूरला चालली, ते बी सांगितलं. इचारलं न्हाई. दाराला कडीच न्हाई म्हनल्यावर मानसानं वाजवायचं काय?"

आणि खाली बसला.

मग इंदूबाईच म्हणाल्या, "खीर वाडा आता. आनि गौतमे, तू बस. उबी काय ऱ्हातीस?"

खीर मी खाल्ली की नाही, आठवत नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी काही न बोलता कामावर गेला. रागावलेला नव्हता. डब्यात दोडका दिला, तो बघून "हां" म्हणाला.

येरवड्याच्या वस्तीत वाढले मी. आई धुणीभांडी करायची. आम्हा बहिणींना तिनं एकच शिकवलं — कुणापुढे हात पसरायचा नाही. त्या एका वाक्यावर शिकले, नोकरी मिळवली, घर उभं केलं. त्याचा अभिमान आहे मला, आणि तो जाणार नाही. पण नवऱ्यापुढेही हात मागेच बांधून राहिले. वाटायचं, आपण ह्याला कसला त्रास देत नाही, हेच आपलं प्रेम. मागणं म्हणजे लोभ, न मागणं म्हणजे मोठेपणा!

आणि तो देण्यासाठी जागा शोधत राहिला असणार. मागितल्याशिवाय देता येईल असं काय असतं घरात? थोडंच.

आज दिवसभर हॉस्टेलवर फिरताना एकच गोष्ट मनात घोळत होती. प्रेम म्हणजे देणं, हे शाळेपासून ऐकत आले. समोरच्याला देऊ देणं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. किती साधं आहे, आणि किती भीती वाटते त्याची. मागितलं आणि तो नाही म्हणाला तर?

मला नागपूर हवंय. मला प्रमोद हवाय. उद्या मॅडमना उत्तर द्यायचंय.

८ ऑक्टोबर, बुधवार

मागितलं. तो उंबऱ्यावर बसून बूट घालत होता. म्हटलं, "मला नागपूरला जायचंय. पण एकटीला नाही जायचं. तुम्ही चला माझ्याबरोबर." बोलताना आवाज फाटला माझा.

त्यानं एका बुटाची नाडी बांधली. मग दुसऱ्याची. मग वर बघितलं.

"कवा निगायचं?"